पाकिटाची पुढची बाजू

डोंबिवलीतल्या कुठल्याही फराळाच्या दुकानात चकलीचं पाकीट उचला. तोंडाशी स्टेपलरने टोचलेली चिठ्ठी असते. तीवर गृहउद्योगाचं नाव, वजन, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर आणि बॉलपेनने घातलेली तारीख. एका नजरेत सगळं कळतं. शेजारच्या फळीवर बड्या कंपनीचं बिस्किट असतं. पुढे गव्हाची ओंबी, दुधाचा पेला. साखर, मीठ, चरबीचे आकडे मात्र मागे, बारीक अक्षरांत, निम्मे चिकटवलेल्या घडीखाली. भाषा बहुतेकदा इंग्रजी, कारण कायद्याला इंग्रजी किंवा हिंदी पुरते. मराठी छापायची की नाही, ही कंपनीची मर्जी.

नियम आले की उद्योग अडचणी सांगतो, आणि त्यातल्या काही खऱ्या असतात. सुट्या मिठाईचंच पाहा. ट्रेवर बनवल्याची आणि ‘बेस्ट बिफोर’ अशा दोन्ही तारखा लावा, असा आदेश आधी निघाला होता. मिठाईवाल्यांनी गाऱ्हाणं मांडलं. १ ऑक्टोबर २०२० पासून ‘बेस्ट बिफोर’ सक्तीची झाली, बनवल्याची तारीख ऐच्छिक राहिली. माझ्या मते ही तडजोड चालण्यासारखी आहे. पेढा आज खावा की नाही, एवढं गिऱ्हाइकाला कळतं आणि दुकानदाराला एक चिठ्ठी पुरते. नियम सतत बदलले की छापील पिशव्यांचे गठ्ठे वाया जातात, ही छोट्या उत्पादकाची तक्रारही रास्तच. म्हणून लेबलमधले बदल दरवर्षी १ जुलैलाच लागू करायचं ठरलं, ते बरं झालं.

पण बड्यांना मिळालेल्या सवलतीला तडजोड म्हणवत नाही. साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर पुढच्या बाजूला लाल खूण करावी, असा मसुदा २०१८ मध्ये आला. २०२० च्या अंतिम नियमांतून तो गळला. २०२२ मध्ये त्याच्या जागी मसुदा आला तो ताऱ्यांचा, अर्ध्यापासून पाचपर्यंत. त्यात तंतुमय पदार्थ, प्रथिनं, सुकामेवा यांचे गुण साखरेच्या दोषातून वजा होतात. गोडमिट्ट बिस्किटात थोडे ओट्स घातले की ताऱ्यांची सोय झाली! शिवाय दोन तारे मिळाले तरी ते बक्षीसच वाटतं. चिलीने २०१६ मध्ये सरळ काळा अष्टकोन छापायला लावला: साखर जास्त, मीठ जास्त. शाळकरी पोरालाही तो कळतो.

९ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या इशाऱ्याबद्दल तीन महिन्यांत शिफारशी मागितल्या. मग मुदत वाढवून मिळाली. घरच्या ओट्यावर चकल्या तळणाऱ्या बाईला अशी वर्षानुवर्षं कोण देतं? तिला नियम आला की पाळावाच लागतो. रंगीत छपाईची यंत्रं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनाच इशाऱ्याचे तीन शब्द छापायला वेळ हवा असतो.

ते शब्द पुढच्या बाजूला हवेत, ठळक हवेत आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर मराठीत हवेत. शंभर चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या पाकिटाला आज घटकांची यादी आणि पोषणाचे आकडे माफ आहेत. जागा नाही म्हणून आकडे माफ असले, तरी इशाऱ्याचा एक ठिपका तिथेही मावतो. शाळेबाहेरच्या टपरीवर मुलं घेतात ती चॉकलेट-गोळ्यांची पाकिटं याच मापाची असतात, त्यामुळे इशाऱ्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.