बेचाळिसावी मासोळी

माझ्याकडे घडीचे एक्केचाळीस चाकू आहेत आणि आमच्या घरी भाजी विळीवर चिरली जाते. या एका वाक्यात आमच्या संसाराचं सार आलं.

मला पात्याशी देणंघेणं नाही. मी मुठीचा माणूस, आणि मूठही एकच: पितळी मासोळीची. अंगावर खवले कोरलेले, डोळ्याच्या जागी खिळा. त्या खिळ्यावरच पातं फिरतं. खाचेत नख अडकवून ओढलं की मासोळीच्या पोटातून पातं बाहेर येतं आणि शेपटी आपल्या मुठीत राहते. लहानपणी जत्रेत हा चाकू पेन्सिलीला टोक करायला म्हणून घेतला जायचा आणि बोट कापलं की जप्त व्हायचा. माझा पहिला आईने तिसऱ्या दिवशी जप्त केला. एक्केचाळीस हे त्याचं व्याज.

छंद सांगितला की समोरचा एक पाऊल मागे सरतो. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते जमवले, तर लोक तिकीट काढून ते बघायला जातात. फ्रान्समध्ये ओपिनेलचा लाकडी मुठीचा चाकू १८९०पासून शेतकऱ्यांच्या खिशात आहे. त्याला आकाराप्रमाणे नंबर असतात, चपलेसारखे. तिथल्याच लागिओल चाकूच्या पाठीवर मधमाशी बसलेली असते, तिचं केवढं कौतुक! आमच्याकडे मात्र चाकू म्हटलं की रामपुरी, आणि रामपुरी म्हटलं की हिंदी सिनेमातला खलनायक. मासोळीने आजवर पेन्सिलीखेरीज कुणाचा जीव घेतलेला नाही, हे कुणी ऐकूनच घेत नाही.

तर रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला असे चाकू मिळतात, अशी खबर लागली. निघालो. दिग्रसहून बस पकडली. नमुन्यादाखल तीन मासोळ्या पिशवीत घेतल्या होत्या. पहिल्याच खड्ड्याला पिशवीचा बंद तुटला आणि तिन्ही मासोळ्या खणखणत बसच्या मधोमध पोहू लागल्या.

शेजारच्या काकांनी एक उचलून दिली. "चक्कू हायेत?"

"हो. जमवतो मी."

"कितीक हायेत?"

"एक्केचाळीस."

काकांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "एका मान्साले?"

एवढं बोलून ते उभ्यानेच प्रवास करायला गेले. यात्रेच्या गर्दीत अख्खा बाक मिळालेला त्या दिवशीचा मी एकमेव प्रवासी असेन.

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. बंजारा समाजाची काशी. १७३९ साली जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबा देवीचं मंदिर आहे. जिकडे पाहावं तिकडे पांढरे झेंडे आणि "जय सेवालाल!" २०२४च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी उद्घाटन केलेलं बंजारा विरासत संग्रहालयही इथलंच, इमारत नगाऱ्याच्या आकाराची. आकारावर जीव टाकणारा मी एकटाच नाही, हे पाहून धीर आला.

शिवाय मी मनाशी एक सिद्धांत मांडला होता. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरलेला हा समाज. फिरत्या माणसाला घडीचा चाकूच हवा, कारण त्याची मूठ हेच त्याचं म्यान. तेव्हा मासोळी मिळाली तर इथेच मिळणार! सिद्धांत बिनतोड होता. तो फक्त दुकानदारांना ठाऊक नव्हता.

"मासोळी आहे का?" पहिल्या दुकानात विचारलं.

"मासोळी बजारात भेटल, भाऊ. इथं देव हाये."

दुसऱ्याने बटाटे सोलायचं प्लॅस्टिकचं यंत्र पुढे केलं. तिसऱ्याने विचारलं, "मूठ कायले पाह्यता? धार पाहा ना." एप्रिलच्या उन्हात डोक्याचा नगारा वाजू लागला, तेव्हा विळे, सांडश्या आणि खलबत्ते मांडून बसलेला एक लोखंडवाला दिसला. त्याने खिळ्यांचा डबा पोत्यावर उपडा केला, आणि खिळ्यांच्या ढिगात ती! शेपटीला पोचा, अंगावर हिरवट काळी पुटं. संग्राहकाचं काळीज अशा पुटांवरच विरघळतं.

"केवढ्याला?"

"दीडशे. थांबा, राखेनं घासून चमकवून देतो."

"नको! मळकीच द्या!" मी इतक्या जोरात ओरडलो की त्याने शेजारच्या बांगडीवाल्याला मला बघायला बोलावलं. मळक्या मालावर माणूस घासाघीस करत नाही, हे त्या दोघांनी प्रथमच पाहिलं असावं.

दर्शन घेऊन लिंबाच्या सावलीत टेकलो. शेजारी एका तांड्याचं बिऱ्हाड जेवायला बसलं होतं. आरशांची कांचळी आणि घेरदार फेटिया ल्यालेली म्हातारी हातात कांदा घेऊन इकडेतिकडे काही शोधत होती. माझ्या हातातली मासोळी तिला दिसली.

"बेटा, दे तं जरा."

सगळे तिला याडी म्हणत होते. आईला नाही कसं म्हणणार? दिली. तिने पात्यावरून अंगठा फिरवला. "हा तं लोनीबी कापत न्हाई," असं म्हणून शेजारच्या दगडावर थोडं पाणी शिंपडलं आणि घासायला सुरुवात केली. घस्स, घस्स. प्रत्येक घस्सेबरोबर माझ्या संग्रहाचं मूल्य दहा रुपयांनी उतरत होतं.

"याडी, जुनी वस्तू आहे हो ती!"

तिने मानही वर केली नाही. "जुनी तं मीबी हाओ. म्हून काय नुस्ती बसून खाऊ?"

कांद्याच्या चार फोडी झाल्या. एक भाकरीवर ठेवून तिने माझ्यापुढे केली. एक्केचाळीस चाकूंच्या मालकाने स्वतःच्या चाकूने चिरलेला कांदा आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळेच, असं मी तिला सांगितलं.

घरी आल्यावर मासोळी कपाटात ठेवायला गेलो, तर बायकोने मधेच हातातून घेतली. तिनेही आधी पातंच पाहिलं. मग स्वयंपाकघरातून टोमॅटो चिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ उद्गार: "अगंबाई, हा कापतो की!"

तेव्हापासून मासोळी ओट्यावर असते. पुटं केव्हाच चिंचेने निघाली. आता ती लखलखीत आहे आणि तिला लसणाचा वास येतो. संग्रह मोजायला बसलो की आकडा पुन्हा एक्केचाळीसच भरतो. बेचाळिसावी कामाला लागली.