दाढीवाल्यांचा कप्पा

घराला रंग द्यायचं ठरलं आणि पहिलं गंडांतर पुस्तकांवर आलं. "अहो, ही आता तरी काढायची का?" बायकोने विचारलं. तिच्या मनात रद्दीवाला होता. मी कपाटातून काढायची असा सोयीस्कर अर्थ घेतला आणि कामाला लागलो.

चौदा खोकी भरली. भरताना पानांतल्या खुणा खाली पडत होत्या, आणि त्यांनी माझ्या व्यासंगाची पुरती अब्रू घालवली. फुकुयामांच्या 'द एंड ऑफ हिस्टरी अँड द लास्ट मॅन'मध्ये (१९९२) एकतिसाव्या पानावर एसटीचं तिकीट निघालं. इतिहास संपला की नाही यावर जगात अजून वाद चालू आहे. माझ्यापुरता तो स्वारगेटला उतरला. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात. वाचायलाही तशीच काहीतरी सोय लागते, असं माझं नम्र मत आहे. मॉस्कोहून आलेली, चहाच्या भावात घेतलेली पुस्तकं मात्र ठणठणीत. सोव्हिएत संघ १९९१ च्या डिसेंबरात मोडला, पण या पुस्तकांच्या बांधणीचा एक टाका उसवलेला नाही. अर्थात ती उघडलीच नाहीत, तर उसवणार कशी? सबंध घरात पहिल्यापासून शेवटपर्यंत वापरलेलं पुस्तक एकच, 'रुचिरा'. त्याच्यावर तेलाचे अंगठे आहेत. ते बायकोचं.

रंग वाळल्यावर मी ठरवलं, आता शास्त्रशुद्ध लावायचं. मेल्विल ड्यूईने १८७६ साली ग्रंथालयांसाठी आकड्यांची पद्धत काढली: तत्त्वज्ञान १००, राजकारण ३२०, साहित्य ८००, इतिहास ९००. चिठ्ठ्या केल्या, डिंक आणला. पहिल्याच संध्याकाळी ऑरवेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'पाशी गाडी अडली. बायकोने ते इतिहासात ठेवलं होतं. "वर्ष लिहिलंय ना वर!" मी समजावलं, की हे १९४९ साली आलं, तेव्हा ते साल पुढचं होतं. "आता मागचं आहे ना?" बिनतोड. तरी मी ते कादंबऱ्यांत नेलं. रात्री नऊच्या बातम्या पाहिल्या आणि उठून राजकारणात ठेवलं.

ही व्यवस्था आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी कामाच्या मावशींनी धूळ पुसायला सगळं खाली काढलं आणि आपल्या पद्धतीने वर लावलं. माझे आकडे त्यांनी किमतीच्या चिठ्ठ्या समजून ओल्या फडक्याने साफ केले होते. त्यांची पद्धत मुखपृष्ठांवरून. वरच्या कप्प्यात दाढीवाले: डार्विन, मार्क्स, टॉलस्टॉय, रवींद्रनाथ. त्याखाली मिशीवाले: टिळक, नीत्शे, स्टालिन, आणि त्याला अगदी खेटून ऑरवेल. 'ॲनिमल फार्म'मधला हुकूमशहा डुक्कर स्टालिनवरून बेतणाऱ्या माणसाला आता रात्रंदिवस त्याच्याच मांडीला मांडी लावून बसायचं होतं. तिसरा कप्पा गुळगुळीत गालांचा. फोटो नसलेली सगळी 'बिनतोंडाची' म्हणून पलंगाखाली, त्यात फुकुयामा.

मी चिडलो. मग खुर्ची ओढून दाढीवाल्यांसमोर बसलो आणि राग ओसरला. जीवशास्त्र, अर्थशास्त्र, कादंबरी, कविता. ड्यूईने या चौघांना एका कप्प्यात कधीच बसवलं नसतं. इथे ते लग्नाच्या मांडवात नवरदेवाची वाट पाहणाऱ्या मामा-काकांसारखे ओळीने बसले होते. शिवाय सापडायची सोय. ड्यूईच्या राज्यात मला एक पुस्तक शोधायला तासभर लागायचा. मावशी स्वयंपाकघरातूनच सांगायच्या, "दादा, ते टकलू ना? खालच्या कप्प्यात, खिडकीकडून दुसरं."

परवा एक मित्र आला. मार्क्स आता मुळातून वाचायचाच, म्हणाला. हे तो कॉलेजपासून म्हणतो. मी ऐटीत आत ओरडलो, "मावशी, मार्क्स?"

"दाढीवाल्यांत तिसरा!"

फोनवर बोलता बोलता मी डावीकडून तिसरा काढून त्याच्या पिशवीत सरकवला. मावशी नेहमी खिडकीकडून, म्हणजे उजवीकडून मोजतात, हे तो गेल्यावर लक्षात आलं. त्याने टॉलस्टॉय नेला होता.

तीन आठवडे झाले. काल त्याचा फोन आला. वाचन जोरात चाललंय म्हणाला, पण मार्क्स जरा जड जातोय.