हातात अडकलंय

शिक्षकांच्या प्रत्येक केंद्रात अशी एक बाई असतेच. शिक्षण परिषद सुरू होते, प्रोजेक्टर रुसतो, साहेब "ती वायर कुणाकडे आहे का?" म्हणून सभेकडे बघतात आणि सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. बाई शांतपणे पर्स उघडतात. आमच्या बाईंची पर्स म्हणजे बघण्याचा कार्यक्रम. दोन चार्जर, ओटीजी, मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक, जिलेटीन कागदाचे पिवळे-निळे तुकडे, पेन्सिलीवर चढवायच्या रबरी नळ्या, मधोमध लांबट खिडकी कापलेली लग्नपत्रिकेची पट्टी आणि तळाशी चेंगरलेली शेंगदाण्याची चिक्की. पैसे मात्र नसतात. ते फोनमध्ये.

सरकारदरबारी अशा माणसाला तंत्रस्नेही शिक्षक म्हणतात. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं तेव्हा जो तो तंत्रस्नेही व्हायला धावला. पुढं बहुतेकांचा उत्साह ओसरला, टॅब कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली हेडसरांच्या कमरेला गेली. बाई तेवढ्या राहिल्या.

बाईंचं सगळं शिक्षणशास्त्र दोन शब्दांत मावतं: "हातात अडकलंय." चौथीतल्या एखाद्या पोराला गोष्ट तोंडी विचारली तर धडाधड सांगतो. वही पुढं सरकवली की पेन्सिल तोंडात आणि डोळे छताला. आम्ही म्हणतो, "आळशी आहे." बाई म्हणतात, "नाही सर, त्याला येतंय. हातात अडकलंय." आणि अडकलेलं सोडवायच्या खटपटीला लागतात. त्रास एवढाच, की हे वाक्य त्या पोरांपुरतं ठेवत नाहीत. केंद्रप्रमुखांचा अहवाल रखडला, "हातात अडकलंय." माझं पगारपत्रक चुकलं, "सरांना गणित येतं हो, हातात अडकलंय." बाईंचे मिस्टर चारचौघांत गप्प बसतात, त्यांचं निदानही झालेलं आहे. तिथं फक्त हाताऐवजी तोंड आहे.

२०१७ मध्ये फोनवर मराठीत बोलून टाइप करायची सोय आली आणि बाईंना आकाश ठेंगणं झालं. आमची शाळा साक्री तालुक्यात. मुलं घरी अहिराणी बोलतात, पुस्तकात प्रमाण मराठी आणि फोनला या दोन्हींमधलं फारसं गम्य नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यात मुखदुर्बळ पोराच्या तोंडापुढं फोन धरला. "बोल बाळा, घरचं काहीही बोल." पोरगं घाबरत म्हणालं, "मना बाप वावरमा गया." पडद्यावर उमटलं: 'मन आप वावर मागे या.' पोरगं वाकलं, बोट अक्षरांवरून सरकलं, एकदा, दोनदा. आणि एकदम ओरडलं, "बाई, येनी मना बापच काढी टाका!"

बाई माझ्या वर्गात पळत आल्या. त्यांना पळताना मी त्याआधी फक्त साहेबांची गाडी आली तेव्हा पाहिलं होतं. "सर, वाचन येत नाही असा शेरा मारलाय ना आपण त्याच्या नावापुढं? त्यानं फोनची चूक वाचून काढली!" तेव्हापासून त्यांच्या वर्गात चुका शोधायचा तास असतो. पोरं बोलतात, फोन गोंधळ घालतो, पोरं तो फळ्यावर दुरुस्त करतात. बाईंचं म्हणणं असं, की गुरुजी चुकले तर पोरं खाली बघतात आणि फोन चुकला की तुटून पडतात. म्हणून फोन थोडा चुकावा, तेच बरं.

हा न्याय त्या स्वतःच्या निरोपांनाही लावतात, हे मात्र भोवतं. शाळेच्या ग्रुपवर एकदा पडलं: 'उद्या मला किरकोळ राजा मंजूर व्हावा.' हेडसर कधी हसत नाहीत. त्यांनी खाली लिहिलं, 'राजा मंजूर. हजर होताना प्रधानास सोबत आणावे.'

बाईंना पहिल्या वेलांटीबद्दल बोलायला लावू नये. मधली सुट्टी संपते. "सर, 'किती' म्हणताना आधी काय ऐकू येतं? क. मग इ. आणि लिहायचं काय आधी? वेलांटी! कान म्हणतो नंतर, हात म्हणतो आधी. मोठ्यांना सवयीनं कळत नाही, पण ज्याची अक्षरं मुळातच जागा सोडतात त्या पोरानं काय करायचं?" मग त्या कीबोर्ड दाखवतात. आधी क दाबायचा, मग वेलांटी. वेलांटी आपोआप अक्षराच्या पुढ्यात जाऊन बसते. हे त्यांनी मला इतक्यांदा दाखवलंय, पण दर वेळी त्यांचा चेहरा असा होतो, की वेलांटी त्यांच्याच सांगण्यावरून गेली. नंतर 'र'ची गाऱ्हाणी निघतात. सूर्यात डोक्यावर, प्रकाशात पायाशी, राष्ट्रात पोटाखाली दोन काड्या आणि सुऱ्यांत भलतीकडंच. "एका अक्षराचे एवढे नखरे, आणि पोरगं अडखळलं की म्हणायचं लक्ष नाही!"

सगळंच विजेवर चालतं असं नाही. वीज आमच्याकडं पाहुणी. ती गेली की पर्समधली खिडकीवाली पट्टी बाहेर येते. पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, वरच्या-खालच्या ओळींची गर्दी झाकली जाते. आमच्या गावच्या प्रत्येक लग्नपत्रिकेचं शेवटी हेच होतं. पत्रिका हातात पडताच बाई मुहूर्त बघत नाहीत, पुठ्ठ्याची जाडी बघतात. आणि हो, अक्षर. "फॉन्ट केवढा ठेवलाय हा? आजोबांनी वाचायचा कसा?" असं त्यांनी वरपित्याला तोंडावर विचारलेलं आहे.

मोठ्यानं वाचायला लावून चुकलं की थांबवणारं आणि पुन्हा वाच म्हणणारं ते गूगलचं 'रीड अलाँग', त्याचा माझ्यावर विशेष राग आहे. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, त्यामुळं रेंज नसल्याची सबबही बंद झाली. भिंतीपलीकडं सहा पोरं सहा फोनांना सहा वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवतात आणि अलीकडं मी भागाकार शिकवतो. तक्रार केली तर बाई म्हणतात, "सर, वर्गात वाचताना अडखळलं की चाळीस तोंडं हसतात. फोन हसत नाही." यावर काय बोलणार? मी भागाकार झाडाखाली नेला.

सुट्टीत बाई शाळेतले जुने संगणक बोलते करतात. 'एनव्हीडीए' नावाची पडदा वाचून दाखवणारी प्रणाली मायकेल करन या ऑस्ट्रेलियन माणसानं २००६ मध्ये सुरू केली, मग त्याचा मित्र जेम्स तेह सोबतीला आला, दोघंही अंध, आणि ती फुकट मिळते, हे आमच्या गावातल्या बायकांना हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर कळलेलं आहे. संगणकाचा मराठी आवाज सर्दी झालेल्या तलाठ्यासारखा. पोरं त्याची हुबेहूब नक्कल करतात. नक्कल करताना न अडखळता वाचतात, हेही बाईंनी हेरलंय आणि आता 'तलाठी वाचन' असा उपक्रम काढलाय.

वरच्या कार्यालयाशी त्यांचं जुनं वैर आहे. परिपत्रक येतं ते वाकडं स्कॅन केलेलं, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. आम्ही 'नोंद घेतली' म्हणून मोकळे होतो. बाई उत्तर पाठवतात: 'महोदय, हा फोटो आहे. फोटो यंत्राला नीट वाचता येत नाही. युनिकोडमध्ये पाठवावे.' खाली २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा दाखला. त्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक आहे, हे त्यांना तोंडपाठ. महाराष्ट्रात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती १९९६ पासून मिळतात, हेही त्या पालकसभेत दर वेळी सांगतात. पालकांना सवलत म्हटलं की बियाण्याचीच वाटते. बाई पुन्हा पहिल्यापासून सांगतात. 'पुन्हा' या बटणाचा कंटाळा फोनला येत नाही तसा बाईंनाही येत नाही. आम्हाला येतो, म्हणून आम्ही तंत्रस्नेही नाही.

मागे एकदा हेडसरांच्या फोनवर तक्रार आली. पाठवणारा तोच, ज्याचा बाप फोननं काढून टाकला होता. आईच्या फोनवरून, बोलून टाइप केलेली, मागाहून हातानं दुरुस्त केलेली: 'मोठे सर, बाई मधल्या सुट्टीत पण वाचायला लावतात. मला कबड्डी खेळायची असते. बाईंना सांगा. बाईंचा फोन पण घेऊन ठेवा.' हेडसरांनी नियमाप्रमाणं बाईंकडं लेखी खुलासा मागितला. बाईंनी आधी ती तक्रार पाच ग्रुपांवर पाठवली, मग छापून वर्गात लावली, मग खुलासा दिला: 'तक्रार खरी आहे. मजकूर मुद्देसूद आहे. शुद्धलेखनाच्या चुका दोन. सबब विद्यार्थ्याच्या वाचन-लेखनाच्या रकान्यातील जुना शेरा खोडावा. कबड्डी मंजूर. फोन मिळणार नाही.'