दाबाच्या ८१९२ पायऱ्या

मीरा रोडच्या आमच्या चित्रकार मित्राने नवा पेन टॅबलेट घेतला. हप्त्याने, अर्थात. त्याच्या पेनाला म्हणे हाताच्या दाबाच्या ८१९२ पायऱ्या कळतात. (घरमालकाचा दाब एकाच पायरीत कळतो.) आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून ‘कॉमन मॅन’ काढला तो ब्रश आणि काळ्या शाईने. बिचाऱ्यांना ब्रशचे रिव्ह्यू बघायची सोय नव्हती, मग सगळा वेळ चित्रं काढण्यातच गेला. शि. द. फडणीसांची चित्रं शब्दावाचून हसवतात. आमच्या मित्राच्या चित्राखाली बावीस हॅशटॅग असतात.

दर ऑक्टोबरात ‘इंकटोबर’. अमेरिकेतल्या जेक पार्करने २००९ मध्ये सुरू केलेलं शाईचं व्रत: ३१ दिवस, ३१ चित्रं. यंदा चौथ्या दिवशी पेनाचं अपडेट आलं आणि मित्राचं व्रत मोडलं.

त्याची खरी चित्रं वेगळीच. सकाळच्या लोकलमध्ये, आधारकार्डाच्या झेरॉक्समागे, साध्या बॉलपेनने काढलेली: मीरा रोडकरांना चढू न देणारे विरारकर. गर्दीत कोपर हलत नाही, रेघ तुटक येते आणि नेमकी तीच जिवंत असते. दार अडवलेल्या एका काकांची नुसती भुवई काढलीय. पुढची शिवी आपल्याला ऐकू येते.

ही चित्रं तो कुठेच टाकत नाही. रिझोल्यूशन कमी आहे म्हणतो.