बोनसवाले काका

माझ्या नावामागे डॉक्टर नाही, वकील नाही. पण माझ्या पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस ५० टक्के’ असं छापलेलं आहे, आणि तेही भिवंडीत गाडी चालवून. क्लेम न टाकता पहिलं वर्ष काढलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्याला ५०. त्याच्या वर पायरी नाही. अंजूरफाट्याचे कंटेनर, धामणकर नाक्याच्या रिक्षा आणि कापडाचे तागे लादलेले टेम्पो चुकवत इथवर पोचलेल्या माणसाने लग्नाच्या पंगतीत हा विषय काढायचा नाही, तर कुणी काढायचा? एजंट मध्यंतरी सांगत होता, की ही सूट फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. गाडी जुनी झाली की तिची विम्यातली किंमत उतरते, हप्ता उतरतो, सूटही उतरते. टक्के तेवढेच, रुपये कमी. मी त्याला चहा पाजून विषय बदलला.

लेकीने लर्निंग लायसन्स काढलं तेव्हा वाटलं, आता हप्ता चढणार. इंग्लंडात नवशिक्या पोरांचा हप्ता आईबापाला घाम फोडतो म्हणे. आपल्याकडे पॉलिसी गाडीचं इंजिन आणि किंमत बघते, चालवणाऱ्याचं वय विचारत नाही. पुढे-मागे लाल ‘एल’ आणि शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस असला की शिकाऊ हातालाही विमा लागू. तो शेजारचा माणूस मी.

कल्याण नाक्याजवळ एका टेम्पोने रिव्हर्स घेतला आणि आमच्या बंपरला घासला. भिवंडीत गाडीला गाडी लागली की कोर्ट जागेवरच भरतं. पानवाला न्यायाधीश. लूमवरचा कामगार तेलुगूत साक्ष देतो, रिक्षावाला हिंदीत जिरह करतो, माझ्यासारखा मराठीत अपील करतो. मग पुरावा. कुणीतरी अंगठ्याला थुंकी लावून ओरखडा पुसतो. पुसला गेला तर ‘पॉलिश से निकल जाएगा’. आतलं काळं प्लास्टिक दिसलं तर प्रकरण गंभीर. टेम्पोवाला मालकाला फोन लावतो, मालक म्हणतो पानवाल्याला दे, पानवाला चुना लावता लावता मान डोलावतो. ‘पॉलिसी’ हा शब्द या सगळ्या कामकाजात कुणाच्या तोंडी येत नाही. मागे रांग लागते, हॉर्न सुरू होतात आणि त्या हॉर्नांच्या जोरावर निकाल लागतो: “सेठ, आप बड़े आदमी हो, जाने दो.” चारचौघांत बडा आदमी म्हटल्यावर मी काय करणार? जाऊ दिलं.

गॅरेजवाल्याने हिशेब मांडला. घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर घेतलेलं नाही, म्हणजे नव्या बंपरच्या प्लास्टिकला ५० टक्के घसारा. वर पहिले १००० रुपये आपले. आणि पुढच्या वर्षी बोनस शून्य. “क्लेम नका टाकू साहेब, रोखीत करू.” त्याला रोख हवी होती हे कळत होतं, पण माझ्या कानात फक्त ‘शून्य’ घुमत होतं.

“बाबा, बंपरऐवजी माणसाला लागलं असतं तर?” लेकीने विचारलं.

त्याला थर्ड पार्टी विमा आहे. कायद्याने सक्तीचा, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला २०२२च्या दराने वर्षाला ३४१६ रुपये. त्या माणसाने ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा, भरपाई कंपनीने भरायची. “आणि बोनस?” तो शाबूत. बंपर क्लेम टाकून रंगवून घेतला तर जातो, माणूस चिरडला तर जात नाही. हे तिला सांगताना माझीच जीभ अडखळली. रात्रपाळी सुटल्यावर अंधारात कडेकडेने चालणारे लूम कामगार आमच्या रस्त्यावर रोजचे. ठोकणारी गाडी पळून गेली, तर मेलेल्याच्या घरच्यांना सरकारी योजनेतून २ लाख; २०२२च्या आधी तर २५ हजारच होते. आणि मी पंगतीत टक्के मिरवतो! स्वतःचीच चीड आली.

चीड रात्रीपर्यंत टिकली. मग एजंटाचा फोन आला, की हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. नव्या गाडीला नेता येतो, आणि मालक गेल्यावर गाडी मुलांकडे गेली तर त्यांनाही मिळतो. मी लगेच लेकीला हाक मारली. “ऐकलंस का? माझ्यामागे हे ५० टक्के तुझे!”

“नको बाबा,” ती म्हणाली, “मला त्यापेक्षा आत्ता झिरो डेप घेऊन द्या.”