साहेब बदलताना घ्यावयाची काळजी

मंत्रालय बीटवर नव्याने रुजू होणाऱ्या वार्ताहर बंधुभगिनींच्या सोयीसाठी ही मार्गदर्शिका तयार केली आहे. आरंभीच एक दिलासा : पक्षांतरबंदी कायदा पत्रकारांना लागू नाही. आमदाराला फुटून सुरक्षित राहायचे तर दोन तृतीयांश सोबती जमवावे लागतात, बसगाड्या कराव्या लागतात, परराज्यातले हॉटेल गाठावे लागते. आपल्याला हे सारे एकट्याने, जागच्या जागी, दुपारच्या चहाआधी उरकता येते.

कलम १. संबोधन. नेत्याचा उल्लेख नावाने करू नये, 'साहेब' म्हणावे. 'काल रात्री साहेबांशी बोललो', 'साहेब जरा नाराज आहेत'. आमच्या बीटवरचे एक ज्येष्ठ युतीच्या राज्यापासून ही दोन वाक्ये वापरत आहेत आणि कोणते साहेब, हे त्यांनी अजून कुणाला कळू दिलेले नाही. मुख्यमंत्र्यांच्या सहाव्या मजल्यावर माणसे आली आणि गेली. ज्येष्ठांना शब्द बदलावा लागला नाही.

कलम २. 'चाणक्य' हे पद बदलीपात्र समजावे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असे सांगणारे पेपर लोकांच्या दारात पडत होते आणि तिकडे राजभवनावर देवेंद्र फडणवीस व अजित पवार शपथ घेऊन मोकळे झाले होते. त्या दिवशी फडणवीस चाणक्य. सरकार ऐंशी तासांच्या आसपास टिकले. २६ तारखेला पदभार शरद पवारांकडे गेला. जून २०२२ मध्ये परत फडणवीसांकडे. ४ जून २०२४ ला महाविकास आघाडीने लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा घेतल्या, पुन्हा पवार. २३ नोव्हेंबर २०२४ ला एकट्या भाजपचे १३२ आमदार आले, पुन्हा फडणवीस. खऱ्या चाणक्याची हयात एका चंद्रगुप्ताला गादीवर बसवण्यात गेली. आमच्या वाहिन्यांनी पाच वर्षांत पाच नेमणुका केल्या. नवी नेमणूक जाहीर करताना 'आधीच्यांचे गणित चुकतेय, हे आम्ही तेव्हाच सांगितले होते' हे वाक्य घालायला विसरू नये. कुणी जुने अंक काढून पाहत नाही. रद्दीवाला महिन्याच्या महिन्याला येतो, हा आपल्या व्यवसायाचा मोठा आधार आहे.

३० जून २०२२ ची तारीख मात्र अभ्यासक्रमात हवीच. त्या दुपारपर्यंत फडणवीसच मुख्यमंत्री, यावर आमचे एकमत होते. 'ते पुन्हा आले' हा मथळा कुणाला सुचला नसेल, असा वार्ताहर शोधावा लागेल. मग त्यांनी स्वतःच पत्रकारांसमोर एकनाथ शिंदे यांचे नाव जाहीर केले आणि आपण सरकारबाहेर राहणार म्हणाले. याला आम्ही 'त्याग' म्हटले. दिल्लीहून आदेश आला आणि संध्याकाळी त्यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. याला आम्ही 'शिस्त' म्हटले. एका दिवसात विश्लेषण दोनदा बदलूनही चेहऱ्यावरची रेघ हलू न देणे याला अनुभव म्हणतात.

कलम ३. घोटाळ्यांचे आकडे फेकून देऊ नयेत, माळ्यावर ठेवावेत. २७ जून २०२३ रोजी भोपाळच्या भाषणात पंतप्रधानांनी राष्ट्रवादीच्या नावावर सिंचनासह सुमारे ७० हजार कोटींचे घोटाळे मांडले. २ जुलैच्या रविवारी त्याच राष्ट्रवादीचे अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. मधल्या पाच दिवसांत ज्याने सिंचनावर सणसणीत अग्रलेख लिहून टाकला असेल, त्याची काय अवस्था झाली असेल, याचे चिंतन करावे. लिहायचेच झाले तर आकड्याच्या आधी 'कथित' ठेवावे. सत्ता आली की लावायचे, गेली की काढायचे.

कलम ४. जुनी ट्वीटे पुसावीत. स्क्रीनशॉट काढून ठेवणाऱ्यांशी गोडीने वागावे.

कलम ५. कारशेड चाचणी. आपण कितपत मुरलो आहोत, हे घरच्या घरी तपासण्यासाठी मेट्रो-३ च्या कारशेडवरची स्वतःची कात्रणे तारखेनुसार लावावीत. ऑक्टोबर २०१९ : आरेत रातोरात झाडे तोडली. नोव्हेंबर २०१९ : नव्या सरकारने सत्तेवर येताच कामाला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० : कारशेड कांजूरमार्गला नेण्याची घोषणा. २०२२ : सरकार बदलले, कारशेड परत आरेत. या प्रवासात तुमची झाडांविषयीची माया कोणत्या महिन्यात दाटून आली आणि 'मुंबईकरांचे हाल' कोणत्या महिन्यात आठवले, ते पाहावे. दोन्ही तारखा शपथविधीच्या पुढच्या आठवड्यात येत असतील, तर आपण उत्तीर्ण. वास्तविक या विषयात लिहिण्यासारखे पुष्कळ होते. कांजूरच्या जमिनीच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य न्यायालयात भांडत होते, विलंबाचा खर्च वाढत होता. पण त्यासाठी कागद वाचावे लागतात आणि कागदाला बाइट देता येत नाही.

कलम ६. मंत्र्याशी ओळख नसली तरी चालेल, त्याच्या स्वीय सहायकाशी हवी. मंत्री जातो, पीए पुढच्या मंत्र्याकडे, बऱ्याचदा दुसऱ्याच पक्षाच्या, नांदायला जातो. तो बदलत नाही आणि त्याला कुणी गद्दारही म्हणत नाही. हे कलम विनोदाने घेऊ नये. माझ्या कित्येक बातम्या त्या बाहेरच्या खोलीत मिळालेल्या आहेत.

निष्ठा विकली जाते, असा आरोप आमच्यावर होतो. मला तो अर्धवट वाटतो. विकत कशाला घ्यायचे? नवा मंत्री फक्त फोन उचलायचा बंद होतो. मुलाखत दुसऱ्याच पेपरात दिसते, संपादक विचारतात, 'आपल्याला का नाही?' आणि मग बातमीतला 'का' हळूच गळतो. तिसऱ्या आठवड्यात फोन उचलला जातो. पैशाचा व्यवहार नाही, पावती नाही. बहुतेकांच्या घराचा हप्ता चालू असतो, हेही ध्यानात घ्यावे.

कलम ७. सत्तांतराच्या दिवशी हॉटेलबाहेर उभे राहू नये. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी कॅगचा अहवाल सभागृहात येतो, तेव्हा निरोपाच्या जेवणाला जाऊ नये. पुरवणी मागण्यांचे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचावे. ही तीन वाक्ये माझी नाहीत, कलम १ मधल्या ज्येष्ठांची आहेत. जून २०२२ मध्ये महाराष्ट्राचे सगळे कॅमेरे बंडखोर आमदारांच्या गुवाहाटीतल्या हॉटेलच्या दाराकडे लागले होते आणि त्यांतल्या एकाचे 'काय झाडी, काय डोंगार' घराघरांत वाजत होते. इकडे मंत्रालयात जाण्याच्या बेतात असलेल्या सरकारचे शासन निर्णय धडाधड निघत होते. हे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून, संगणकाला नाक लावून एकेक निर्णय उघडत बसले होते. निधी कुठल्या तालुक्यात वळला, याचा तक्ता त्यांनी पेन्सिलीने केला. नवे साहेब आल्यावर पहिला गुच्छ घेऊन तेच गेले, हेही खरे. पण बातमी दिली. ती आत, राशिभविष्याच्या शेजारी लागली. पहिल्या पानावर डोंगर होता. त्या पानाच्या डेस्कवर कोण बसले होते, ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

कलम ८. ६ जानेवारीला पत्रकार दिनी बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालावा. कार्यक्रमाला मंत्रिमहोदय येणार असल्यास आदल्या दिवशी फोन करून ते अजून मंत्रीच आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. निमंत्रणपत्रिका छापताना त्यांच्या नावाची ओळ शेवटी छापावी.