दीड आण्याचे बापू

जळगावात वस्तूची किंमत ठरवायची पद्धत सोपी आहे: आधी काट्यावर ठेवायची. केळी क्विंटलवर, कापूस क्विंटलवर, सोनं ग्रॅमवर. त्यामुळे आप्पांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, पत्र्याच्या पेटीतून गांधीजींचं जुनं टपाल तिकीट निघालं आणि मधले काका ते घेऊन थेट सराफ बाजारात गेले, यात मेहरूणच्या आमच्या घरात कुणालाच वावगं वाटलं नाही. सराफानंही ओळखीखातर ते काट्यावर ठेवलं. आकडा शून्यावरून हलेना. "काका, पंखा चालू आहे, उडंन," एवढा अभिप्राय देऊन त्यानं ते परत केलं.

काकांचा उत्साह अगदीच निराधार नव्हता. २०१७ साली लंडनच्या स्टॅनली गिबन्स या नामांकित पेढीनं गांधीजींची १९४८ सालची दहा रुपयांची चार तिकिटं, एकमेकांना जोडलेली, पाच लाख पौंडांना विकली. घेणारा ऑस्ट्रेलियातला. ही बातमी तेव्हा कुणीतरी वाचली होती आणि पेटी उघडताक्षणी ती सगळ्यांना एकदम आठवली. चुलतभावानं मोबाईलवर पौंडांचे रुपये केले, त्याला चारानं भागलं आणि मोबाईल खाली ठेवला. एका तिकिटाला कोटभर! आमच्याकडे गांधीजी तेच, साल तेच, चष्माही तोच.

संध्याकाळपर्यंत वारसांची नोंद पुरी झाली. एका लग्नात साडीवरून रुसलेली धुळ्याची आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हजर. येताना तिनं आप्पांना आवडायचं म्हणून भरताची वांगी आणली. आप्पांना जाऊन पंधरा वर्षं झाली, हे कुणी काढलं नाही.

शेवटी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे सगळी वरात गेली. मास्तरांनी आयुष्यभर तिकिटं विकली आणि निवृत्तीनंतर जमवली. काकांनी खिशातून तिकीट काढलं तसे मास्तर ओरडले, "हात लावू नका!" मग चिमटा आला, भिंग आलं, टेबलावर पांढरा कागद आला. काकूंनी मला हळूच विचारलं, "आपरेशन हाय का?"

मास्तर सांगू लागले. १५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. दीड आण्याचं देशातल्या साध्या पत्राला. ते घरोघरी गेलं, म्हणून ते आजही घरोघरी सापडतं. दहा रुपये तेव्हा मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढे. इतकं महाग तिकीट लावून पत्र कोण धाडणार? आणि लंडनला विकली गेली ती तर त्याहून निराळी. त्यांच्यावर 'सर्व्हिस' हा इंग्रजी शब्द वरून छापलेला होता. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी असे फक्त शंभर संच तयार झाले.

"आपलं कितीचं आहे?" आत्यानं विचारलं.

मास्तरांनी भिंग तिच्या हाती दिलं. तपकिरी रंग, हिंदीत आणि उर्दूत 'बापू', आणि किंमत दीड आणा.

इथं चुलतभावानं मुद्दा काढला. 'सर्व्हिस' हा शब्दच महाग असेल तर बसस्टँडजवळचा रबरी शिक्केवाला तो तासाभरात करून देईल. मास्तर हसले. म्हणाले, ही कल्पना तुमच्या आधी बऱ्याच जणांना सुचली; बनावट 'सर्व्हिस' बाजारात भरपूर आहेत, म्हणून तर जाणकारांचा दाखला लागतो. भावाचा चेहरा पडला. शिक्क्याचा खर्च धरून त्यानं नफा काढून ठेवला होता.

मला स्वतःला वेगळ्याच गोष्टीची मौज वाटली. जन्मभर चरख्यावर बसलेल्या माणसाचं हे तिकीट छापलं कुठं, तर स्वित्झर्लंडात, कुर्व्हॉझिए नावाच्या छापखान्यात. सरकारी तिकिटांचा छापखाना १९२५ पासून आपल्या शेजारी नाशकात. जळगावहून रेल्वेत बसलं की चाळीसगाव, मनमाड आणि नाशिकरोड. पण फोटोसारखी सफाईदार छपाई करायची सोय तिथं अजून नव्हती. ती आली १९५२ मध्ये, आणि पहिला मान संतकवींच्या तिकिटांना मिळाला. म्हणजे कबीर, तुलसीदास, मीरा स्वदेशी आणि बापू परदेशी. खादीच्या पंचासकट.

काकांचं लक्ष मात्र तिकिटाच्या भावावरच होतं. "आता आमच्याचं काय ते सांगा."

मास्तरांनी दाते मोजायला पट्टी लावली. या तिकिटाला दर दोन सेंटिमीटरला साडेअकरा दाते हवेत. वरच्या बाजूचे बरोबर भरले. डाव्या बाजूला एकही नव्हता. तिथं आप्पांची कात्री फिरली होती. आप्पांना टापटिपीची फार हौस. पाकिटावरचं तिकीट कापताना कडेची नक्षी त्यांनी सरळ रेषेत आणली. मग गव्हाच्या खळीनं ते हिशोबाच्या वहीत चिकटवलं, आणि सुरक्षित राहावं म्हणून वरून पुन्हा खळ. काकू म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी बोरं विकली जन्मभर. भोकाचं बोर गिऱ्हाईक परत करायचं. इथं भोकं नाहीत म्हणून परत करू राह्यले."

"आणि पाकीट?" मास्तरांनी विचारलं. "पाकिटावर त्या वेळचा जळगावचा शिक्का असेल. पहिल्याच दिवसाची तारीख निघाली असती तर सोडलेल्या तिकिटापेक्षा त्याला चांगले पैसे आले असते."

पाकिटाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पा पाकिटाच्या पाठीवर उधारीचा हिशोब करायचे आणि उधारी फिटली की ते बंबात घालायचे. आमच्या घराण्यानं निदान दोन पिढ्या पहिल्या दिवसाच्या शिक्क्यांवर अंघोळीचं पाणी तापवलं.

"धड असतं तर शेवभाजीच्या ताटाचे पैसे आले असते," मास्तरांनी निकाल दिला. "असं म्हटल्यावर पापडाचे."

परत येताना कुणी बोललं नाही. आदल्या दिवशी ज्या वस्तूचे पाच वाटे ठरले होते ती आता कुणीच घरी न्यायला तयार होईना. थोरल्यानं ठेवावं, असं धाकटे म्हणाले. आप्पांचा जीव धाकट्यावर होता, असं थोरले म्हणाले. आत्यानं तर एसटी चुकेल म्हणून चहासुद्धा घेतला नाही. वांगी तेवढी राहिली.

हे मिटतंय तोवर मास्तरांचा फोन आला. बोलता बोलता त्यांनी १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाचा विषय काढला. ते दोन रंगांत, दोनदा छापायचे. काही कागद फिरले आणि व्हिक्टोरिया राणीचं डोकं चौकटीत उलटं बसलं. जगात आता अशी तीसही उरलेली नाहीत, आणि किंमत विचारू नका.

फोन स्पीकरवर होता. काकूंनी भरताची वांगी निखाऱ्यावरून उतरवली, हात पदराला पुसले आणि माळ्याकडे पाहत म्हणाल्या, "शिडी आणा रे. आप्पांच्या वह्या अजून सात-आठ आहेत. आणि पानं उलटी धरून बघा."